दक्षिणा, वार आणि नादारी : पुण्यातील विद्यार्थि-साहाय्याच्या इतिहासातील एक प्रश्न

पुण्यातील उच्च शिक्षणाचा इतिहास लिहिताना विश्रामबागवाड्यातील संस्कृत पाठशाळा, तिचे पूना कॉलेजात झालेले रूपांतर आणि त्यातून उभे राहिलेले डेक्कन कॉलेज असा क्रम देण्याचा प्रघात आहे. या क्रमात अध्यापक येतात, विषय येतात, इमारतीही येतात. विद्यार्थी कशावर जगत होता हे मात्र सहसा येत नाही. वस्तुतः या पाठशाळेच्या बाबतीत साहाय्याचा निधी आधी होता आणि शिक्षणसंस्था त्यातून पुढे निघाली. म्हणून साहाय्य कोणाला मिळाले, ते कोणत्या कसोटीवर मिळाले आणि ती कसोटी कोणी व केव्हा तपासली, हा प्रश्न या संस्थेच्या इतिहासात मुळाशीच येतो.

हा निधी म्हणजे दक्षिणा. दाभाडे सेनापतींनी तळेगावी चालू केलेला हा दानधर्म पुढे पेशव्यांनी पुण्यास आणला. श्रावणमासी पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात हजारो ब्राह्मणांना तो वाटला जाई, आणि विद्वान शास्त्र्यांची परीक्षा घेऊन त्यांना अधिक रक्कम देण्याचीही चाल होती. इ. स. १८१८ मध्ये राज्य गेल्यावर एल्फिन्स्टनने ही दक्षिणा एकदम बंद केली नाही; तिची रक्कम वार्षिक ५० हजार रुपयांवर आणून ठेवली. त्यात विद्येविषयीची आस्था होती तितकीच नवजित प्रांतातील वजनदार वर्ग दुखावू नये ही सावधगिरीही होती. त्याच्यामागून दक्षिणेचा कमिशनर झालेल्या चॅप्लिनने ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात पाठशाळा उघडली, तिचा आधार हाच निधी होता. वेद, व्याकरण, न्याय, अलंकार, ज्योतिष, वैद्यक असे विषय तेथे शिकविले जात. अध्यापकांना पगार होता, आणि ज्यांना आधार नाही अशा विद्यार्थ्यांच्या निर्वाहाचीही सोय होती. विद्यार्थी ब्राह्मणच असत.

पाठशाळेची पहिली कठोर तपासणी १८३०–४० या दशकात झाली. सरकारच्या दृष्टीने प्रश्न असा होता की, या खर्चातून उपयुक्त ज्ञान किती निपजते. उत्तर समाधानकारक नव्हते, आणि १८३७ मध्ये काही जुने विषय वगळून मराठी व इंग्रजी यांचा प्रवेश झाला, मेजर कँडी यांच्याकडे देखरेख आली, आणि पाठशाळा सर्व वर्गांना खुली असल्याचे ठरले. या शेवटच्या तरतुदीचे महत्त्व इतिहासकारांनी वाजवीपेक्षा अधिक मानले आहे. दार उघडले, पण दारापर्यंत येण्यास लागणारी पूर्वतयारी, म्हणजे घरचे अक्षरज्ञान, संस्कृताचा प्रारंभिक अभ्यास आणि शहरात राहण्या-जेवण्याची सोय, ज्यांच्याकडे होती तेच येऊ शकत होते. तपासणीत विषय मोजले गेले, खर्च मोजला गेला; न आलेला विद्यार्थी कोणत्याच रकान्यात बसत नव्हता.

जेवणाच्या सोयीविषयी येथे थोडे विस्ताराने सांगणे प्राप्त आहे, कारण सरकारी कागदांत न दिसणारी पण खरोखर चालणारी साहाय्यपद्धती तीच होती. गरीब विद्यार्थी सात घरी सात वार लावून जेवत किंवा माधुकरी मागत. दोन्ही शब्द अर्थदृष्ट्या पाहण्यासारखे आहेत. ‘माधुकरी’ हा शब्द मधुकरावरून आलेला. कोणत्याही एका फुलाला न शिणवता थोडे थोडे गोळा करणे, ही त्यामागील कल्पना. ‘वार’ या शब्दात तर अन्नाचाही उल्लेख नाही, केवळ दिवसाचा आहे. सोमवार अमक्यांकडे, मंगळवार तमक्यांकडे! याचना झाकण्याची भाषेची ही रीत मार्मिक आहे. परंतु या पद्धतीला एक अट होती आणि ती कधी उच्चारावी लागली नाही : जो त्या घराच्या पंक्तीला किंवा निदान ओसरीवर चालेल, त्यालाच वार मिळे. कुणबी, माळी किंवा महार विद्यार्थ्याला १८३७ नंतर पाठशाळा कागदोपत्री खुली झाली असेल. शहरातील स्वयंपाकघरे खुली झाली नव्हती.

दुसरी तपासणी सरकारने केली नाही. ती शहरातूनच आली. १८४९ मध्ये लोकहितवादी आणि त्यांच्या बाजूच्या मंडळींनी अर्ज करून दक्षिणेचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांना द्यावा असे मागितले. पुण्यात मोठा क्षोभ झाला. या वादाकडे सामान्यतः सुधारक विरुद्ध सनातनी असे पाहिले जाते, आणि ते चूक नाही; पण निधीच्या दृष्टीने पाहिले तर वाद असा होता की, दक्षिणा ही जातीची मिळकत आहे की केलेल्या कामाचा मोबदला आहे. अर्जदारांचा पक्ष पुढे मान्य झाला आणि दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. १८५१ मध्ये पाठशाळा व इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झाले. १८५७ मध्ये दक्षिणेच्या निधीतून फेलोशिपा निघाल्या. कॉलेज येरवड्याच्या नव्या इमारतीत जाऊन डेक्कन कॉलेज झाल्यावर त्याच्याकडे अशा चार फेलोशिपा होत्या : एक वार्षिक १२०० रुपयांची व तीन प्रत्येकी ६०० रुपयांच्या. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि महादेव गोविंद रानडे हे दोघेही मुंबईस दक्षिणा फेलो होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या योजनेचे यश नाकारता येत नाही. तथापि त्याच पैशाचा प्रवास कोणत्या दिशेने झाला हेही पाहिले पाहिजे. रमण्यात हजारोंना थोडे थोडे मिळत होते. आता जे आधीच शिखराजवळ पोचले होते अशा मोजक्यांना पुष्कळ मिळू लागले. पात्रतेची कसोटी जन्मावरून परीक्षेवर आली, पण परीक्षेपर्यंत कोण पोचतो हे पाहण्याचे काम मात्र कोणाकडेच नव्हते.

ते जोतीराव फुले यांनी पाहिले. त्यांचा आणि या निधीचा संबंध तीन ठिकाणी येतो. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी त्याच विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते त्यांचा शाल देऊन गौरव झाला, आणि त्यांच्या मुलींच्या शाळांना दक्षिणेच्या निधीतून दरमहा ७५ रुपये मिळू लागले. ज्या दानातून स्त्रिया व शूद्र सर्वस्वी वगळले होते त्याच दानाचा हा उपयोग. यापेक्षा मोठा पालट त्या निधीच्या इतिहासात दुसरा नाही. पुढे १८५५ मध्ये त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीपुढे ठेवले, ते तिने नाकारले. तिसरा प्रसंग १८८२ चा, हंटर शिक्षण आयोगापुढील त्यांच्या निवेदनाचा. प्राथमिक शिक्षणाची मागणी म्हणून हे निवेदन प्रसिद्ध आहे; त्यातील शिष्यवृत्त्यांविषयीचा भाग तुलनेने दुर्लक्षित राहिला. स्पर्धेने शिष्यवृत्ती देणे तत्त्वतः न्याय्य दिसते, परंतु त्यामुळे इतर वर्गांत विद्येचा प्रसार होत नाही. म्हणून ज्या वर्गांत शिक्षण पोचलेलेच नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या असाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. शिष्यवृत्तिधारकाची प्रगती मोजणे वेगळे आणि शिष्यवृत्तीच्या योजनेचा परिणाम मोजणे वेगळे, हा भेद पुण्यात इतक्या स्वच्छपणे पहिल्यांदा मांडला गेला तो कॉलेजाबाहेरच्या माणसाकडून.

विसाव्या शतकातील संस्थांनी या भेदाची दखल कमीअधिक घेतली. १९०९ मध्ये दादासाहेब केतकर प्रभृतींनी स्थापन केलेल्या अनाथ विद्यार्थिगृहाने, आजच्या पुणे विद्यार्थी गृहाने, दारोदार फिरणाऱ्या मुलाला एक घर दिले, आणि पुढे छापखाना, प्रकाशन अशा उद्योगांची जोडही दिली. शाळा-कॉलेजांतून फीमाफीची पद्धत होती, तिला पुणेरी बोलीत ‘नादारी’ म्हणत. हा फारसी शब्द. ‘ना-दार’ म्हणजे ज्याच्यापाशी नाही तो. ‘वार’ या शब्दाने जे झाकले ते ‘नादार’ या शब्दाने हजेरीपटावर लिहून ठेवले. शिवाय फी माफ झाली तरी खोली, पुस्तके व खाणावळ ही कोणी माफ करीत नसे.

या उणिवेवर पुण्यात जो विचार झाला त्यात १९५५ मध्ये अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने निघालेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीचा उल्लेख अवश्य करावयास हवा. ग्रामीण भागातून येणाऱ्या गरीब विद्यार्थ्याची राहण्या-जेवण्याची सोय आणि त्याबरोबर श्रमाचा वाटा, अशी तिची दिशा होती. त्यामागे साताऱ्याचे उदाहरण होतेच. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांत सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीस बसविले होते. वाराच्या अव्यक्त अटीला याहून थेट उत्तर कोणी दिले नाही. १९४७ मध्ये साताऱ्यास निघालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ ही योजना प्रत्यक्ष चालली, आणि पुणे विद्यापीठात व त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांत ती आज कर्मवीरांच्याच नावाने चालते.

या नावात, मागील सर्व शब्दांत नव्हते असे काहीतरी आहे. दक्षिणा दात्याची, वार यजमानाचा, नादारी अभावाची. येथे दोन्ही क्रियापदांचा कर्ता विद्यार्थीच आहे. पण ज्याच्या घरी सोय आहे त्याला यातील दुसरेच क्रियापद लागू पडते, पहिले पडत नाही. बागेत, कचेरीत किंवा ग्रंथालयात रोज काही तास काम करणाऱ्या मुलाचे तास नोंदले जातात, त्यांचा मोबदलाही होतो. ते तास त्याच्या अभ्यासातून गेले की रिकाम्या वेळातून, आणि अर्ज न करताच किती जण गावी परतले, ही नोंद ठेवणारी वही एखाद्या लहान महाविद्यालयालाही घालता येण्याजोगी आहे.