घाटावरचा जेट, गोव्याचा जेट

गोव्यात ट्यून केलेली जुनी टू-स्ट्रोक गाडी चोर्ला घाट चढून बेळगावात आली, की काही दिवसांत तिचा प्लग काळा पडू लागतो. बेळगावची गाडी पणजीला उतरली, की तोच प्लग पांढुरका दिसतो. यात मिस्त्रीचा दोष नसतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच, त्यामुळे तिथली हवा पणजीपेक्षा सुमारे सात टक्के विरळ. कार्बोरेटरला उंची कळत नाही. पितळी जेटचं छिद्र जेवढं असेल त्या मापानं तो पेट्रोल सोडत राहतो; हवा विरळ झाली की मिश्रण ‘रिच’ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त; दाट झाली की ‘लीन’, म्हणजे पेट्रोल कमी. फरक जेटच्या एखाद-दुसऱ्या नंबराएवढाच असतो. तो नुसत्या आवाजावरून आणि प्लगच्या रंगावरून ओळखणारी माणसं बेळगाव-निपाणी पट्ट्यात आजही भेटतात. या कसबाची मुळं मोटारसायकलच्याही आधीची आहेत.

उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्याच गुर्लहोसूरचे, जन्म १८६९चा. मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये नोकरीला असताना ते सायकली विकत घेऊन बेळगावला पाठवायचे. बंधू रामुअण्णा त्या खपवायचे, आणि फी घेऊन गिऱ्हाइकाला सायकल चालवायलाही शिकवायचे. किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी आपलं स्थापनावर्ष १८८८ सांगते, ते या सायकलींच्या धंद्यापासूनचं. पुढे लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावला आले. सायकलींच्या विक्री-दुरुस्तीच्या दुकानातून कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर असा प्रवास झाला. शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा सोडावी लागली, आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींच्या आधारावर कुंडल स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

इतिहासात नांगर आणि वाडी यांनाच मान मिळतो. दुरुस्तीचं दुकान दोन ओळींत उरकलं जातं, आणि तिथे बेळगाववर अन्याय होतो. परदेशातून आलेलं यंत्र, सुटे भाग दूर, विचारायला तज्ज्ञ नाही. अशा वेळी ते खोलायचं, समजून घ्यायचं आणि अडलेला भाग इथेच करून बसवायचा, ही सवय त्या दुकानाची. कारखाना गेला तरी सवय शहरात राहिली. उद्यमबागेतल्या फाउंड्री, मशीनशॉप आणि हायड्रॉलिकचे कारखाने तिचेच वारस म्हणायला हवेत. उत्तरेला कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरानं ऑइल इंजिनांच्या धंद्यात हेच केलं. निपाणी या दोन शहरांच्या दरम्यान, पुणे-बेंगळूर रस्त्यावर.

मग मोटारसायकली आल्या. १९५५ पासून मद्रासला बुलेट तयार होऊ लागली. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, आणि १९६१ मध्ये त्या राज्यातल्याच म्हैसूर शहरात जावाचा कारखाना सुरू झाला. तीच गाडी पुढे यझदी म्हणून नावाजली. एस्कॉर्ट्सची राजदूत पोलंडच्या गाडीवरून बेतलेली. जुन्या बुलेटवर इंग्लंडचा आमल कार्बोरेटर, जावावर चेकोस्लोव्हाकियाचा जिकोव्ह. प्रत्येकाची रचना निराळी, जेटची मापं निराळी. तंबाखूच्या वखारी, ऊस आणि दुधाच्या या मुलखात गाडी कामाचं जनावर होती, ती चार दिवस गॅरेजात ठेवून चालत नसे. म्हणून पान्हे आणि स्क्रू ड्रायव्हर घरातच असायचे. १९८५ मध्ये आरएक्स १०० आली तेव्हा नव्या पिढीच्या हातात मिकुनी पद्धतीचा कार्बोरेटर आला.

तो खोलण्याची रीत ठरलेली. पेट्रोलचा कॉक बंद. वरचं झाकण फिरवलं की स्प्रिंगसकट स्लाइड बाहेर येते, तिच्या पोटात निमुळती पीन. पिनेला खाचा असतात आणि एका खाचेत बारीक क्लिप. क्लिप एक खाच खाली घेतली की पीन वर उचलली जाते आणि अर्ध्या थ्रॉटलला पेट्रोल वाढतं. खालची वाटी काढली की फ्लोट, पायलट जेट आणि मधोमध मेन जेट. जुना मिस्त्री जेटमध्ये तार घालू देत नाही. छिद्र केसभर वाढलं तरी जेटवरचा नंबर खोटा पडतो. पेट्रोलनं धुवायचं आणि हवेनं फुंकायचं, एवढंच. जोडताना स्लाइडचा कापलेला भाग एअर फिल्टरकडे हवा. पॅकिंग फाटलं असेल तर नवं घालायचं. एअर स्क्रू पूर्ण आवळून दीड फेरा मागे, आणि तिथून पुढे कानावर.

खरी परीक्षा रस्त्यावर. निपाणीच्या दक्षिणेला तवंदी घाटाचा चढ आहे. पूर्ण थ्रॉटलला कारभार मेन जेटचा असतो, म्हणून अशा चढावर फुल थ्रॉटल देऊन गाडी जागच्या जागी बंद करायची आणि प्लग काढून बघायचा. विटकरी रंग आला तर जेट बरोबर. पांढरा आला तर तसंच दामटू नये. टू-स्ट्रोकला लीन मिश्रण म्हणजे जास्त उष्णता, आणि त्यातून पिस्टन जाम. अॅव्हरेज वाढवण्याच्या हव्यासानं लहान जेट घालून इंजिनं गमावलेल्या गाड्यांना या पट्ट्यातच काय, कुठेच तोटा नाही.

म्हैसूरचा तो जावा-यझदीचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींवर कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आलं. सेन्सर आता हवेचा दाब मोजून घाटातच पेट्रोल कमी-जास्त करतात. धूर कमी झाला, हे चांगलंच झालं. पण बेळगावच्या उंचीला कोणता जेट, कोकणात उतरताना पीन कितव्या खाचेत, ही माहिती कुठल्या मॅन्युअलमध्ये सापडायची नाही. ती वयस्क मिस्त्रींच्या डोक्यात आहे. ज्यांच्या दारात यझदी, राजदूत किंवा आरएक्स उभी आहे त्यांनी एकदा मिस्त्रीच्या शेजारी बसून कार्बोरेटर खोलावा, जेटचे नंबर आणि पिनेची खाच वहीत टिपावी आणि ती वही गाडीच्या कागदपत्रांत ठेवावी.