पुण्यापासून लेक सक्सेसपर्यंत: तीन संघटना आणि एक निवेदन

आजचा धागा भारतीय स्त्रिया संयुक्त राष्ट्रसंघाच्या मंडळांवर कशा पोहोचल्या याविषयी. तेथवरचा मार्ग पुण्यातून निघतो.

जानेवारी १९२७. मार्गारेट कझिन्स यांच्या पुढाकाराने पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्षस्थानी बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड होत्या. विषय केवळ शिक्षण. परंतु कायदे करणाऱ्या सभेत स्त्रीच नसेल तर शिक्षणासाठी तरी दाद कोणाकडे मागायची, हा प्रश्न लवकरच पुढे आला.

१९३० च्या पहिल्या गोलमेज परिषदेला बेगम शाहनवाज व राधाबाई सुब्बरायन गेल्या, त्या सरकारनियुक्त म्हणून. त्यांनी स्त्रियांसाठी राखीव जागा मागितल्या. यावर महिला परिषद, मद्रासची विमेन्स इंडियन असोसिएशन (१९१७) आणि राष्ट्रीय महिला मंडळ (१९२५) या तीन संघटनांनी १९३१ मध्ये संयुक्त निवेदन काढले: प्रौढ मताधिकार हवा, राखीव जागा, नेमणूक वा स्वीकृती काहीही नको.

ही भूमिका आज अनेकांना चमत्कारिक वाटेल. मलाही सुब्बरायन यांचा व्यावहारिक मुद्दा अधिक पटतो. राखीव जागांवाचून निवडून येणाऱ्या स्त्रिया त्या काळी किती असत्या? पण राखीव जागांच्या पाठोपाठ धर्मवार विभागणी येईल, ही संघटनांची भीती अनाठायी नव्हती. १९३३ मध्ये राजकुमारी अमृत कौर, डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी आणि बेगम शरीफा हमीद अली या तिघींनी लंडनच्या संयुक्त प्रवर समितीपुढे एकमुखाने साक्ष दिली.

सरकारने मात्र वेड पांघरून पेडगावला जाणेच पसंत केले. (म्हणीतले पेडगाव भीमाकाठचे मानतात, माझे परभणी जिल्ह्यातले.) १९३५ च्या कायद्याने प्रांतिक विधानसभांत स्त्रियांना ४१ राखीव जागा दिल्या, त्याही जातीय विभागणीसह, आणि अनेकींचे मत पतीच्या मालमत्तेवर टांगून ठेवले.

तरीही एकत्र बोलण्याची ही सवय पुढे कामी आली. १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने स्त्रियांच्या दर्जासाठी मानवी हक्क आयोगाखाली एक उपआयोग नेमला. त्यात महिला परिषदेच्या हंसा मेहता होत्या. दुय्यम स्थान नको, स्वतंत्र आयोग हवा, ही मागणी जूनमध्ये मान्य झाली. फेब्रुवारी १९४७ मध्ये न्यूयॉर्कजवळील लेक सक्सेस येथे या आयोगाची पहिली बैठक झाली. १५ सदस्य, सगळ्या स्त्रिया. भारताच्या प्रतिनिधी होत्या लंडनला साक्ष दिलेल्या शरीफा हमीद अली.

हंसाबाई १८ सदस्यांच्या मानवी हक्क आयोगात गेल्या. तेथे एलिनॉर रूझवेल्ट यांच्याखेरीज दुसरी स्त्री त्याच. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमातील ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणारे शब्द बदलून ‘सर्व मानव’ व्हावेत, हा आग्रह त्यांचा. १० डिसेंबर १९४८ रोजी तो शब्द जगाने स्वीकारला.

त्याच फेब्रुवारीत परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. ब्रिटिश प्रांतांतील १९३५ चा मताधिकार येथे लागूच नव्हता. पेडगावच्या स्त्रियांना प्रौढ मताधिकाराने मत देता आले ते १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत; ना राखीव जागा, ना पतीच्या सातबाऱ्याची अट.