उत्तनचे लुगडे : नेसता येणारा इतिहास

१/ वरसावे म्हणजे साष्टीचे उत्तर टोक. येथून वसईच्या खाडीच्या कडेने पश्चिमेस गेले की धारावी बेट लागते : डोंगरी, पाली, चौक, उत्तन. (मुंबईतली धारावी निराळी.) येथे किल्ल्याइतकेच वस्त्रही वाचावे.

२/ खाडीपलीकडचे जग या भागाला कापडामुळेही ओळखत होते. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या सुती कापडाच्या व्यापाराची नोंद केली.

३/ १५३४ मध्ये बहादूरशहाने वसई-साष्टी पोर्तुगिजांना दिली. पुढे अनेक कोळी, कुणबी घराणी ख्रिस्ती झाली. नावे बदलली, दारापुढे क्रूस उभा राहिला; स्त्रियांचे लुगडे मात्र टिकले.

४/ १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी जिंकली, १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांनी. १८८७ मध्ये येथील ख्रिस्ती समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. नाव राज्यकर्त्यांच्या भाषेतले, नेसण मात्र याच मातीतली.

५/ म्हणून चौकड्यांचे लुगडे हा पुरावाच आहे : धर्मांतराने संस्कृती समूळ पुसली जात नाही. आज ते मुख्यतः वृद्धांच्या अंगावर आणि लग्न-सणांत दिसते. तटबंदी ढासळली तरी अवशेष उरतात; नेसणारीबरोबर नेसण्याची रीत मात्र जाते. तेव्हा उत्तनला जाल तेव्हा आजीबाईंना विचारा, आणि लिहून ठेवा.