रसेलनं अडवले किती?

स्टॅनियन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर उतरा आणि आधी कोटाची कॉलर वर करा. मार्च उजाडला म्हणून सॅन फ्रान्सिस्कोची थंडी जात नसते. साल १९५५. समोर केझार पॅव्हिलियन, पलीकडे गोल्डन गेट पार्कची झाडी, आणि टेकडीवर सेंट इग्नेशियस चर्चचे जुळे मनोरे. त्या मनोऱ्यांना लागूनच जेझुइट पाद्र्यांचं कॉलेज आहे, युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को. संघाचं नाव डॉन्स. कॉलेजला स्वतःचं बास्केटबॉलचं मैदान नाही. सराव एका हायस्कूलच्या जिममध्ये, सामने इथे केझारला नाहीतर शहराच्या वेशीवरच्या काऊ पॅलेसमध्ये. आणि हा बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारा संघ गेल्या तीन महिन्यांत एकदाही हरलेला नाही.

कॉफीच्या दुकानात शिरा, काउंटरपाशी स्टूल ओढा. शेजारी तिघांची जुंपलेली आहे. एक निवृत्त ट्रामचालक, एक कॉलेजचा पोरगा, आणि फिलमोर वस्तीत राहणारा, गोदीत काम करणारा काळा माणूस. विषय अर्थातच शनिवारचा सामना. कोर्वालिसला जाऊन ओरेगन स्टेटला हरवलं, पण ५७-५६.

"बचाव, बचाव म्हणून नाचता," म्हातारा पोराला म्हणतो, "मग छप्पन्न झाले कसे?"

"मैदान त्यांचं होतं! आणि मध्ये तो हॅलब्रुक उभा, सात फूट तीन इंच. त्याच्यासमोर छप्पन्न म्हणजे कमीच."

"डिसेंबरात यूसीएलएकडून हरलो तेव्हाही त्यांचे सत्तेचाळीसच झाले होते," गोदीवाला शांतपणे म्हणतो. "बचाव तेव्हाही चोख होता. आपले चाळीसच झाले, त्याला काय करायचं?"

आकडे ऐकून तुम्ही चक्रावाल. पण इथे कॉलेजच्या खेळात अमुक सेकंदांत चेंडू फेकलाच पाहिजे असं घड्याळ नाही. आघाडी मिळाली की चेंडू खुशाल खेळवत बसा. ती सवलत धरूनही डॉन्स सामन्याला सरासरी बावन्न गुण देतात, आणि देशात याहून कंजूष संघ नाही.

आता मूळ भांडण. सव्वा वर्षापूर्वीचा, शेजारच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाविरुद्धचा सामना निघतो. डॉन्सच्या बिल रसेलचा मोठ्या संघातला पहिलाच सामना.

"तेरा फटके अडवले पोरानं," म्हातारा सांगतो.

"आठ."

"मी तिथे होतो."

"मीही होतो. आठ."

दोघांपैकी खरा कोण, हे ठरवायची सोय नाही. गुण लिहिणाऱ्याच्या वहीत बास्केट, फ्री थ्रो, फाउल, सगळ्याला रकाना आहे, ब्लॉकला नाही. कॉलेजच्या अधिकृत नोंदींत खेळाडूचे ब्लॉक मोजले जायला १९८५-८६चा मोसम उजाडेल. मोजायचं सुचणार तरी कसं? चांगल्या बचावपटूनं जमीन सोडायची नसते, असंच या काळातले प्रशिक्षक शिकवतात. डॉन्सचा प्रशिक्षक फिल वूलपर्टसुद्धा. रसेलनं पुढे लिहिलंय की त्या पहिल्याच सामन्यात टाइमआउटमध्ये वूलपर्टनं त्याला सांगितलं, तू चुकीचा उभा राहतोस. त्याच्या सांगण्याप्रमाणे उभं राहून पाहिलं, तर समोरचा आरामात बास्केट करायला लागला. मग रसेल आपल्या मूळ पद्धतीवर परतला.

खरं तर अडवलेले फटके मोजूनही हिशेब पुरा होत नाही. कबड्डीत कोपरारक्षक तगडा असला की चढाई करणारा त्या अंगाला पाऊलच टाकत नाही. तशी गत इथे होते. रसेलच्या भीतीनं जे फटके मारलेच गेले नाहीत, ते कुठल्या वहीत लिहिणार? आणि पाठीशी तो उभा आहे म्हटल्यावर के. सी. जोन्स आणि हॅल पेरी पुढे जाऊन प्रतिस्पर्ध्याच्या तोंडाशी भिडतात. माणूस निसटलाच, तर मागे रसेल आहेच.

"हे दिसत नाही त्यांना," पोरगा वर्तमानपत्र आपटतो. त्याचा राग जुनाच आहे: उत्तर कॅलिफोर्नियाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून यंदा सांता क्लाराच्या केनी सीअर्सला निवडलंय. सीअर्स वाईट नाही. पण रसेल सामन्याला वीसच्या वर गुण करतो, वीसेक रिबाउंड घेतो.

"दिसतं सगळं," गोदीवाला म्हणतो, आणि काउंटरवर जरा शांतता पसरते. मग तो ओक्लाहोमा सिटीची गोष्ट काढतो. डिसेंबरात स्पर्धेला गेलेल्या संघातल्या काळ्या खेळाडूंना तिथल्या हॉटेलांनी खोल्या नाकारल्या. तेव्हा सगळा संघच, गोरे-काळे एकत्र, सुटीत रिकाम्या पडलेल्या वसतिगृहात राहिला आणि स्पर्धा जिंकून आला. म्हातारा १९५१च्या फुटबॉल संघाची आठवण देतो: नऊपैकी नऊ सामने जिंकले, पण ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर या दोन काळ्या खेळाडूंना मागे ठेवायला संघ तयार नव्हता, म्हणून मोसमानंतरच्या मोठ्या सामन्याचं बोलावणं आलंच नाही. पाठोपाठ कॉलेजनं फुटबॉलच बंद केला. यंदाच्या पहिल्या पाचांत तीन काळे खेळाडू आहेत. इतर बड्या कॉलेजांत हे सहसा दिसत नाही, आणि पोरगा ज्या 'त्यांना' म्हणतो त्यांना ते खुपतही असेल, असं मला वाटतं.

कॉफी पुन्हा भरली जाते. आता कॅन्सस सिटी, राष्ट्रीय स्पर्धेचे शेवटचे सामने. शुक्रवारी कोलोरॅडो, निभावलं तर शनिवारी बहुतेक गतविजेता ला साल, म्हणजे टॉम गोला. सहा फूट सहा इंच उंच आणि सगळंच येणारा. त्याला धरणार कोण?

"रसेल. दुसरं कोण?" यावर मात्र तिघांचं एकमत.

तुम्ही गप्प बसायला हवं. तुम्हाला १९ मार्चचा निकाल ठाऊक आहे: ७७-६३. गोला सोळा गुणांवर अडकेल, जोन्स चोवीस करेल, रसेल तेवीस गुण आणि पंचवीस रिबाउंड घेईल. पुढच्या मोसमाआधी नियम करणारे बास्केटखालची पट्टी सहा फुटांवरून बारा फूट रुंद करतील, आणि डॉन्स तरीही सगळे सामने जिंकतील; विजयांची साखळी साठावर जाईल. हे सगळं तुम्ही गिळता. पण एक वाक्य सुटतंच:

"गोलाला के. सी. धरेल. रसेल बास्केटखाली मोकळा हवा."

तिघंही वळून बघतात. गोदीवाला हसू दाबतो.

"के. सी.?" म्हातारा विचारतो. "सहा फूट एक इंचाचा माणूस गोलाला धरणार?"

"हो."

"कुठून आलात म्हणालात?"

"लांबून."

"तिकडे बेसबॉल खेळत असतील," म्हातारा म्हणतो, आणि तुमच्याकडे पाठ करून पोराला पुन्हा सुनावतो, "तेरा. मी मोजले होते."