राजकारण वर्ज्य : लंडनमधला एक दसरा

वाङ्मय मंडळाचा वार्षिक अहवाल लिहिणे हे मराठी विभागातल्या प्राध्यापकांच्या वाट्याला हमखास येणारे काम. कर्जतसारख्या तालुक्याच्या गावी राहून आम्ही ते आळीपाळीने केले आहे. 'कार्यक्रम उत्साहात पार पडला' या वाक्याशी अहवाल संपतो. पाहुण्यांनी येण्यासाठी कोणती अट घातली, कोणता विषय आधीच गाळला गेला, स्वयंपाकघरात कोण राबले, यातले काहीही त्यात उरत नाही. वाङ्मयेतिहासाला अशा कार्यक्रमांची दखल घ्यावीशी वाटत नाही, याचे एक कारण हे अहवालच असावेत. परदेशी शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांच्या मंडळांकडे वळले, की ही उणीव फार जाणवते.

एडिंबरो येथे भारतीय विद्यार्थ्यांची संस्था १८८३ मध्ये निघाली. केंब्रिजची 'मजलिस' १८९१ मधली. वादविवाद, भोजने, पाहुण्यांची भाषणे असा त्यांचा क्रम असे. याखेरीज दुसऱ्या प्रकारचेही मेळावे होत. मेरी कार्पेंटर यांनी १८७० मध्ये स्थापन केलेली 'नॅशनल इंडियन असोसिएशन' भारतीय विद्यार्थी आणि इंग्रज गृहस्थ यांच्या भेटीगाठी घडवून आणण्यासाठी संध्याकाळची संमेलने भरवी. पहिल्या प्रकारात विद्यार्थी यजमान होते, दुसऱ्यात पाहुणे. हा भेद वरवर शिष्टाचाराचा वाटतो. पण पाहुण्याने काय बोलावे हे यजमान ठरवतो, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

श्यामजी कृष्णवर्मा यांचे 'इंडिया हाऊस' १ जुलै १९०५ रोजी लंडनच्या हायगेट भागात उघडले, आणि विद्यार्थ्यांना हक्काचे घर मिळाले. रविवारच्या सभा, १८५७ चा स्मृतिदिन असे कार्यक्रम तिथे होऊ लागले. सावरकरांच्या १८५७ वरील ग्रंथाची प्रकरणे या सभांतून आधी ऐकली गेली. ग्रंथ मराठीत लिहिलेला, ऐकणारे नाना प्रांतांचे, त्यामुळे सभेत तो इंग्रजीतून पोहोचला. छापलाही गेला तो आधी इंग्रजीत, १९०९ मध्ये. मूळ मराठी ग्रंथ वाचकांच्या हाती यायला स्वातंत्र्य उजाडावे लागले. मराठी गद्यातील एका गाजलेल्या पुस्तकाचे पहिले श्रोते बहुतांशी अमराठी होते, याचा विचार आमच्या अभ्यासक्रमात कुठे झालेला आम्हाला आठवत नाही.

व्यासपीठावर उभे राहण्याची किंमत काय असू शकते, याचे उदाहरण आमच्याच जिल्ह्यातले आहे. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट मंगळदास नथुभाई शिष्यवृत्तीवर १९०४ मध्ये एडिंबरोला गेले. यंत्रशास्त्र शिकायला गेलेल्या या तरुणाने तिथे हिंदुस्थानातील ब्रिटिश राजवटीवर भाषण केले आणि त्यापायी शिष्यवृत्ती गमावली. शिष्यवृत्ती गेली म्हणजे शिक्षणच गेले, हे कर्जत-पारनेरच्या दुष्काळी पट्ट्यातल्या विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागत नाही. बापट पुढे लंडनला इंडिया हाऊसच्या वर्तुळात आले.

मग १ जुलै १९०९ ची संध्याकाळ आली. नॅशनल इंडियन असोसिएशनचे वार्षिक संमेलन साउथ केन्सिंग्टनच्या इंपीरियल इन्स्टिट्यूटमध्ये भरले होते. कार्यक्रम संपून मंडळी पांगत असताना मदनलाल धिंग्रा यांनी सर कर्झन वायली यांच्यावर गोळ्या झाडल्या. वायलींना वाचवायला धावलेले डॉ. कावस लालकाका हेही त्यात गेले. धिंग्रांना १७ ऑगस्टला फाशी झाली. ओळखी वाढाव्यात म्हणून भरवलेल्या मेळाव्याचा शेवट असा झाल्यावर, भारतीय विद्यार्थ्यांच्या कोणत्याही समारंभाकडे संशयानेच पाहिले जाणार होते.

यानंतर जेमतेम चार महिन्यांनी, २४ ऑक्टोबर १९०९ रोजी, लंडनच्या बेजवॉटर भागात भारतीयांनी विजयादशमीचे भोजन योजले. ट्रान्सवालमधील भारतीयांचे गाऱ्हाणे घेऊन गांधीजी तेव्हा लंडनमध्ये होते. अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. भोजन शाकाहारी असावे आणि वादग्रस्त राजकारण काढू नये, अशा त्यांच्या अटी होत्या, असे चरित्रकार नोंदवतात. तेव्हा तिथे विद्यार्थी असलेले डॉ. टी. एस. एस. राजन यांची आठवण तर अशी, की गांधीजी आधीच येऊन ओळख न देता स्वयंपाकघरात कामाला लागले होते. हेच आजचे अध्यक्ष, हे मंडळींना मागाहून उमगले.

राजकारण वर्ज्य ठरले, म्हणून सभेत रामायण आले. गांधीजींनी स्वतः 'इंडियन ओपिनियन'मध्ये दिलेल्या वृत्तान्तात सावरकरांच्या रामायणावरील आवेशपूर्ण भाषणाची वाखाणणी आहे. राम, लक्ष्मण, सीता यांचा त्याग आणि कष्ट अंगी बाणले तर देश स्वतंत्र होईल, हा गांधीजींच्या बोलण्याचा रोख होता. सावरकरांनी मात्र दसऱ्याच्या आधीचे नऊ दिवस दुर्गेचे असतात याची आठवण दिली, असे चरित्रकार सांगतात. राशीनच्या यमाईचे नवरात्र पाहिलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना या वाक्यातला धागा लगेच सापडतो. दसऱ्याला आपण शस्त्रे पुजतो, सीमोल्लंघन करतो. एकाने त्या सणातून वनवास उचलला, दुसऱ्याने शक्ती. वर्ज्य केलेला विषय त्या रात्री सर्वांत जास्त बोलला गेला, पुराणकथेच्या भाषेत. खाडिलकरांच्या 'कीचकवध'ची उलगड वर्गात करून दाखवणाऱ्यांनी हे भोजनही तसेच वाचायला हरकत नाही. नाटकावर सरकारला बंदी घालता आली. दसऱ्यावर ती घालणे अवघड होते.

हिंसेने सुधारणा होत नाहीत हे त्या मंडळींपुढे बोलता यावे, म्हणूनच आपण निमंत्रण स्वीकारले, असे गांधीजींनी पोलॉक यांना त्याच आठवड्यात कळवले होते. नोव्हेंबरात परतीच्या बोटीवर त्यांनी 'हिंद स्वराज' लिहिले. लंडनमधल्या वादांचा तो जबाब होता. सावरकरांना १३ मार्च १९१० रोजी व्हिक्टोरिया स्थानकावर अटक झाली. दोघांपैकी कोणाचा दसरा खरा, या वादात आम्ही इथे पडत नाही. तो वाद एकाच पंगतीत, एकाच कथेच्या आधाराने झाला, हे आम्हाला अधिक मोलाचे वाटते.

सरकारही या समारंभांचे वाचन करीतच होते. इंग्लंडमधील भारतीय विद्यार्थ्यांची पाहणी करण्यासाठी १९०७ मध्ये ली-वॉर्नर समिती नेमली गेली होती, आणि तिच्या सदस्यांत कर्झन वायलीही होते. तिचा अहवाल गोपनीय ठेवण्यात आला. तो प्रसिद्ध झाला १९२२ मध्ये, दुसऱ्या एका समितीच्या अहवालाचे परिशिष्ट म्हणून. त्या वेळी पारनेरचे बापट मुळशीच्या धरणग्रस्तांच्या लढ्यात गुंतले होते, आणि लोक त्यांना सेनापती म्हणू लागले होते.