सावलीतील बाग

सावलीतील बाग म्हणजे जेथे थेट सूर्यप्रकाश दिवसाकाठी फार थोडा वेळ पोहोचतो किंवा मुळीच पोहोचत नाही, अशा जागेत सावली सोसणाऱ्या वनस्पती निवडून केलेली बाग होय. दाट झाडांखालचे परसू, दोन इमारतींमधील बोळ, इमारतीच्या उत्तरेकडील पट्टा आणि जुन्या वाड्याचा चौक या अशा बागेच्या नेहमीच्या जागा आहेत. गुलाब, झेंडू, शेवंती यांसारखी उन्हाची फुलझाडे तेथे फुलत नाहीत आणि हरळीही तग धरत नाही. परिणामी जमीन उघडी पडते व पावसाळ्यात वरची सुपीक माती वाहून जाते. गडद सावलीत रंग फुलांपेक्षा पानांतून मिळवावा लागतो, हे या बागेचे मूलतत्त्व मानले जाते. या लेखात प्रामुख्याने महाराष्ट्र व गोवा येथील हवामानाला अनुसरून माहिती दिली आहे.

सावलीचे प्रकार

वनस्पतींची निवड करण्यापूर्वी सावलीचा प्रकार ओळखणे आवश्यक असते. सामान्यतः पुढील तीन प्रकार केले जातात.

- अर्धी सावली : दिवसातून सुमारे ३ ते ६ तास ऊन मिळणारी जागा. सकाळचे कोवळे ऊन दुपारच्या उन्हापेक्षा बहुतेक वनस्पतींना अधिक मानवते.
- विरळ सावली : पानांच्या फटींतून उन्हाचे कवडसे पडत राहतात अशी जागा. नारळ, पोफळ, शेवगा यांच्याखालची सावली या प्रकारची असते.
- गडद सावली : थेट ऊन जवळजवळ पोहोचत नाही अशी जागा. जुना आंबा, फणस, वड यांच्याखाली किंवा उंच भिंतींच्या मध्ये ती आढळते.

भिंतीची सावली आणि झाडाची सावली यांत महत्त्वाचा फरक आहे. भिंतीलगतच्या जागेला थेट ऊन मिळाले नाही, तरी उघड्या आकाशाचा विखुरलेला प्रकाश मिळतो. झाडाखाली मात्र प्रकाश पानांतून गाळून येतो. वनस्पतींना अधिक उपयोगी असणारा तांबडा व निळा प्रकाश वरच्या पानांनी आधीच शोषलेला असतो. घनदाट सदाहरित वर्षावनात जमिनीपर्यंत एकूण प्रकाशाच्या केवळ १ ते २ टक्के प्रकाश पोहोचतो. शिवाय झाडाखालची जमीन बहुधा कोरडी असते, कारण पर्णसंभार पावसाचा काही भाग वरच अडवतो आणि मुळे जमिनीतील ओल शोषून घेतात. म्हणून कोरडी सावली व ओलसर सावली असाही भेद केला जातो.

ऋतूनुसार बदल

एकाच जागेची सावली वर्षभर सारखी राहत नाही. पुण्याच्या अक्षांशावर (सुमारे १८.५° उत्तर) डिसेंबरअखेर मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंश उंचीवर असतो. त्या वेळी १० मीटर उंच इमारतीची सावली उत्तरेकडे सुमारे ९ मीटर पडते. मेच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस सूर्य बरोबर डोक्यावर येतो. या दिवसांना शून्य सावली दिवस म्हणतात. त्या दरम्यानच्या काळात मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे हिवाळाभर सावलीत असलेला उत्तरेकडील पट्टा मे महिन्यात अचानक उन्हात येतो आणि सावलीतील कोवळी पाने करपतात. जूनमध्ये पावसाळी ढग आल्यावर हा ताप कमी होतो. अशा जागी मे महिन्यापुरती जाळी बांधण्याची किंवा कुंड्या हलवण्याची तयारी ठेवावी लागते.

झाडाच्या प्रकारानेही फरक पडतो. आंबा व फणस सदाहरित असल्याने त्यांची सावली बाराही महिने टिकते. साग, पळस यांसारखी पानझडी झाडे मात्र ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर निष्पर्ण होतात आणि त्यांच्याखालची बाग काही आठवडे उघड्यावर येते.

पानांतील रंगांचे कारण

सावलीत वाढणाऱ्या वनस्पतींची पाने बहुधा रुंद व पातळ असतात. हिरवा रंग हरितद्रव्यामुळे, तर तांबडा व जांभळा रंग बहुतांशी अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे येतो. पांढऱ्या किंवा पिवळसर पट्ट्यांत हरितद्रव्य नसते अथवा फार कमी असते. त्यामुळे चित्रविचित्र पानांची वनस्पती त्याच जातीच्या संपूर्ण हिरव्या वनस्पतीपेक्षा सावकाश वाढते व तिला थोडा अधिक प्रकाश लागतो. चित्रित पानांच्या झुडपावर पूर्ण हिरवी फांदी फुटल्यास ती जोमाने वाढून इतर फांद्यांना मागे टाकते. म्हणून ती वेळीच छाटतात.

रंगसंगतीच्या दृष्टीने पांढरा, रुपेरी व पोपटी हे रंग गडद सावलीत उठून दिसतात. गर्द जांभळी व तपकिरी पाने अंधारात मिसळून जातात. ती लावायची झाल्यास फिकट पानांच्या शेजारी लावली जातात.

रंगीत पानांच्या वनस्पती

ॲग्लोनेमा : कमी प्रकाश सोसणाऱ्या शोभिवंत वनस्पतींत अग्रगण्य. रुपेरी-हिरव्या जाती गडद सावलीतही टिकतात. तांबड्या व गुलाबी जातींचा रंग खुलण्यास मात्र अधिक उजेड लागतो.

कॅलेडियम : अळूच्या कुळातील दक्षिण अमेरिकी कंदवर्गीय वनस्पती. पांढरी, गुलाबी व तांबडी, शिरांच्या नक्षीची पाने हे तिचे वैशिष्ट्य आहे. कंद मे महिन्यात लावल्यास पावसाळाभर पाने राहतात. हिवाळ्यात पाने गळून कंद सुप्तावस्थेत जातो. त्या काळात पाणी दिल्यास तो कुजतो.

रेक्स बिगोनिया : मूळ रानटी जाती आसामकडील. रुपेरी, जांभळ्या व तांबूस छटांची पाने असणारे अनेक संकर उपलब्ध आहेत. पाण्याचा उत्तम निचरा व दमट हवा तिला मानवते. पानांवर पाणी साचल्यास बुरशी येते.

कॅलथिया व मरांटा : पानांच्या वरच्या बाजूस नक्षी व अनेक जातींत खालच्या बाजूस जांभळा रंग असतो. कोकणच्या दमट हवेत त्या चांगल्या वाढतात. पुणे, नाशिक किंवा नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात पानांच्या कडा वाळतात.

कोलियस : आग्नेय आशियातील वनस्पती. रंगांची सर्वाधिक विविधता हिच्यात आढळते, पण ती अर्ध्या किंवा विरळ सावलीसाठीच योग्य आहे. शेंडे खुडत राहिल्यास झुडूप भरगच्च होते.

फुलांसाठी पीस लिली आणि पूर्व आफ्रिकेतील बारमाही तेरडा हे पर्याय आहेत. मात्र गडद सावलीत त्यांनाही फुले कमी येतात. क्रोटन व अकॅलिफा यांची पाने रोपवाटिकेत आकर्षक दिसत असली, तरी सावलीत त्यांचे रंग फिके पडतात. त्यामुळे ती या बागेसाठी अयोग्य ठरतात.

भूमी झाकणाऱ्या वनस्पती

जमिनीलगत पसरून माती झाकणाऱ्या वनस्पती मातीची धूप थांबवतात, ओल टिकवतात व तण रोखतात. सावलीत हिरवळीला त्या उत्तम पर्याय ठरतात.

- मोंडो गवत : गवतासारखे दिसणारे, पण गवताच्या कुळातील नसलेले. सावकाश पसरते, कापावे लागत नाही. पांढऱ्या पट्ट्यांच्या जातीही मिळतात.
- क्लोरोफायटम : दक्षिण आफ्रिकेतील पांढऱ्या पट्ट्यांची जात सर्वत्र लावली जाते. जाडसर मुळांमुळे ती कोरड्या सावलीत टिकते.
- पायलिया : पानांवर रुपेरी ठिपके असलेली, व्हिएतनामकडील लहान वनस्पती, ओलसर सावलीसाठी योग्य.
- फिटोनिया : पांढऱ्या किंवा गुलाबी शिरांची, अतिशय बुटकी. पाणी कमी पडताच कोमेजते.
- मंडूकपर्णी : ओलसर अर्ध्या सावलीत पसरणारी औषधी वनस्पती. महाराष्ट्रात तिलाही ब्राह्मी म्हणतात.
- पिंपळी : मिरीच्या कुळातील सरपटणारी वेल, नारळाच्या बागेतील सावलीत वाढते.

सह्याद्रीतील वनस्पती

पश्चिम घाटातील जंगलांत सावलीत वाढणाऱ्या अनेक देखण्या वनस्पती आहेत. रानहळदीचा गुलाबी-जांभळा तुरा पावसाळ्यात दिसतो. पेव्याची पांढरी फुले तांबड्या छदांतून उमलतात. भुईचाफ्याची सुगंधी फुले पाने येण्यापूर्वीच जमिनीतून वर येतात आणि नंतर येणाऱ्या पानांची खालची बाजू जांभळट असते. हंसराज व इतर नेचे ओलसर दगडी भिंतींवर सहज रुजतात. यांपैकी बऱ्याच वनस्पती पावसाळ्यानंतर जमिनीखालील कंदांच्या रूपात टिकून राहतात. म्हणून त्यांच्याबरोबर मोंडो गवतासारखी बारमाही वनस्पती लावल्यास जागा ओकी दिसत नाही. जंगलातून रोपे उपटून आणल्याने तेथील साठा घटतो. त्यामुळे रोपवाटिकेत वाढवलेली रोपे घेणेच इष्ट असते.

कोकणातील परंपरा

सावलीचा उपयोग करण्याची रीत कोकणात व गोव्यात जुनी आहे. माड व पोफळीच्या बागांत मिरवेल, जायफळ, आले व हळद ही पिके घेतली जातात आणि सांडपाण्याच्या ओलीवर परसात अळू वाढवले जाते. उंच झाडे, मधली झुडपे व जमिनीलगतची पिके अशी थरांची ही रचना सावलीतील बागेच्या आखणीस उपयोगी पडते.

लागवड व निगा

लागवडीस पावसाळ्याचा आरंभ योग्य असतो. मोठ्या झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांशी मातीच्या वरच्या ३० ते ६० सेंटिमीटर थरात असतात. वाफा करण्यासाठी त्यांवर मातीचा जाड थर टाकल्यास मुळांना हवा मिळत नाही आणि झाड हळूहळू खंगते. त्याऐवजी मुळांमधील मोकळ्या जागांत खुरप्याने लहान खड्डे घेऊन लहान रोपे लावतात व वर सुमारे ५ सेंटिमीटर पालापाचोळा पसरतात. तो खोडाला टेकू देत नाहीत. जेथे मुळांचे जाळे फार दाट असते, तेथे कुंड्या ठेवणे सोयीचे असते.

सावलीत माती उशिरा वाळते, म्हणून बोट खुपसून ओल पाहूनच पाणी देतात. नत्रयुक्त खताच्या अतिरेकाने वाढ लुसलुशीत होते. पावसाळ्यात गोगलगायी व बुरशी यांचा उपद्रव वाढतो. गोगलगायी संध्याकाळी वेचून काढल्या जातात. भिंतीला चुना दिल्यास परावर्तित प्रकाश वाढतो.

उजेडासाठी फांद्या विरळ करण्यापूर्वी स्थानिक नियम पाहणे आवश्यक असते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये नागरी भागात झाड तोडण्यास वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

आक्रमक व विषारी वनस्पती

झपाट्याने पसरणे हा गुण बागेबाहेर दोष ठरतो. पिवळ्या फुलांची सिंगापूर डेझी रस्त्यांच्या कडेला व बागांत सर्रास लावली जाते. परंतु आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या जगातील १०० सर्वाधिक घातक आक्रमक परकीय जातींच्या यादीत तिचा समावेश आहे. सिंगोनियम, मनीप्लांट आणि झेब्रिना यांचे तोडलेले तुकडेही रुजतात. म्हणून त्यांचा कचरा ओढ्याकाठी, रानात किंवा देवराईजवळ टाकू नये.

अळूच्या कुळातील कॅलेडियम, ॲग्लोनेमा, डिफेनबेकिया, सिंगोनियम, पीस लिली व मनीप्लांट यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. अळू खाजते ते याच स्फटिकांमुळे. ही पाने चावल्यास तोंड व जीभ यांची तीव्र आग होऊन सूज येते. अशा वेळी तोंड धुऊन डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. कॅलेडियमची पाने अळूसारखी दिसत असल्याने ती खाण्याच्या अळूच्या वाफ्याजवळ लावणे टाळावे. लहान मुले किंवा पाळीव प्राणी असलेल्या घरी कॅलथिया, मरांटा, क्लोरोफायटम, पायलिया व फिटोनिया हे तुलनेने सुरक्षित पर्याय आहेत.

हे सुद्धा पहा

- परसबाग
- नेचे
- देवराई
- पश्चिम घाट
- आक्रमक वनस्पती