‘कन्फ्युजन’ म्हणजे नक्की काय? केस पेपरवरील शब्दाचा अर्थ

‘माझं जरा कन्फ्युजन झालं’ असे आपण सहज म्हणतो. पण घरातील वृद्ध व्यक्तीच्या केस पेपरवर डॉक्टरांनी ‘कन्फ्युजन’ लिहिले असेल, तर त्याचा अर्थ साधा गोंधळ असा नसतो.

शब्द कुठून आला?
लॅटिनमध्ये ‘कॉन’ म्हणजे एकत्र आणि ‘फुन्देरे’ म्हणजे ओतणे. वेगवेगळ्या गोष्टी एकत्र ओतल्या की कोणती कुठली ते कळत नाही, तेच कन्फ्युजन. हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. रक्त चढवताना वापरला जाणारा ‘ट्रान्सफ्युजन’ हा शब्दही याच धातूपासून बनला आहे.

अचानक सुरू झालेल्या अशा अवस्थेला डॉक्टर ‘डेलिरियम’ म्हणतात. लॅटिनमध्ये ‘लिरा’ म्हणजे नांगराचे तास. तास सोडून भरकटणे हा डेलिरियमचा मूळ अर्थ.

कसे ओळखावे?
रुग्ण वेळ, जागा किंवा माणसे ओळखत नाही, असंबद्ध बोलतो, नसलेल्या गोष्टी दिसतात असे सांगतो. काही जण मात्र फक्त गप्प आणि सुस्त होतात. तेही लक्षणच आहे. त्रास काही तासांत किंवा दिवसांत सुरू होतो, कमी-जास्त होतो आणि बहुधा रात्री वाढतो. स्मृतिभ्रंश मात्र सहसा महिने-वर्षे हळूहळू वाढतो.

कारणे
- लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग
- रक्तातील साखर किंवा सोडियम कमी होणे
- शरीरातील पाणी कमी होणे, लघवी तुंबणे, बद्धकोष्ठता
- झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या काही गोळ्या
- पक्षाघात, डोक्याला मार
- दारू अचानक बंद करणे

तुम्ही काय करावे?
मधुमेह असल्यास लगेच ग्लुकोमीटरवर साखर तपासा. ती ७० पेक्षा कमी असेल आणि रुग्णाला नीट गिळता येत असेल, तर साखरपाणी द्या. गुंगीत असलेल्या रुग्णाच्या तोंडात काहीही घालू नका. स्वतःहून झोपेची गोळी देऊ नका. सर्व औषधे सोबत घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तोंड वाकडे होणे, हातापायातील शक्ती जाणे, फिट, तीव्र ताप, धाप किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काहीही दिसल्यास १०८ ला फोन करा.

रुग्णाशी वाद घालू नका. चष्मा, श्रवणयंत्र लावून द्या, शांतपणे नाव आणि जागा सांगा. ‘वयामुळे होतंय’ म्हणून थांबू नका. कारण वेळेत सापडले तर बरेच रुग्ण पूर्ववत होतात.